त्या वाचलेल्या कोळंब्यांचं काय?

वाचकाचं पत्र (संक्षिप्त): सप्रेम नमस्कार. मी पालघर जिल्ह्यातली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले, नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली. बाबांचे खाजणात कोळंबीचे दोन तलाव आहेत. पांढऱ्या ठिपक्याच्या रोगाने आमचं पीक दोनदा गेलं. पीएचडीसाठी मला दोन ठिकाणांहून होकार आलाय. एका प्रयोगशाळेत कोळंबीच्या विषाणूंवर काम चालतं. दुसरीत ड्रॉसोफिला, म्हणजे पिकल्या केळ्यांवर बसणारी चिलटं, त्यांच्या प्रतिकारशक्तीवर. मनापासून सांगायचं तर मला दुसरी आवडली. पण तिकडे गेले तर बाबांना वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटेल. मामा म्हणतो, "चिलटं मारायला पाच वर्षं? त्यापेक्षा बी.एड. कर." आई स्थळं बघतेय. बाबा काहीच बोलत नाहीत. लहानपणापासून एक कोडं मात्र डोक्यात आहे. रोग आला की तलाव चार-आठ दिवसांत संपतो, तरी पाणी काढताना तळाशी थोड्या कोळंब्या धडधाकट सापडतात. तेच पाणी, तेच खाद्य. त्या कशा वाचतात? असो. या क्षेत्रात खरंच करिअर आहे का? मी कुठे जाऊ?
— एक वाचक, पालघर

प्रिय मैत्रिणी,

पत्राच्या शेवटी तू दोन प्रश्न विचारलेस. पण त्यांच्या आधी, जाता जाता, एक तिसरा प्रश्न लिहून तू "असो" म्हणून पुढे गेलीस. मी तिथेच थांबले. वाचलेल्या कोळंब्यांचा तुझा प्रश्न हा या क्षेत्रातला आजही पुरता न सुटलेला प्रश्न आहे आणि तो तुला तलावाच्या बांधावर सुचला. पीएचडीला बसणाऱ्या किती मुलांकडे स्वतःचा प्रश्न असतो? बहुतेकांना तो गाइड देतात.

कोळंबी, चिलट, डास, गोगलगाय यांच्यात आपल्यासारखी प्रतिपिंडं तयार होत नाहीत. एकदा झालेला आजार वर्षानुवर्षं लक्षात ठेवणाऱ्या आपल्या लिम्फोसाइट पेशीही त्यांना नाहीत. म्हणून आपल्याला देतात तशी लस कोळंबीला देता येत नाही. तरीही हे जीव कोट्यवधी वर्षं जिवाणू, बुरशी आणि विषाणूंच्या गराड्यात टिकून आहेत. त्यांच्या रक्तद्रवात फिरणाऱ्या पेशी जिवाणू गिळतात. शरीर जिवाणूंना भोकं पाडणारी छोटी प्रथिनं सोडतं. जखमेवर काळं मेलॅनिन साचून ती बंद होते. आणि विषाणूच्या आरएनएचे तुकडे करणारी एक यंत्रणा प्रत्येक पेशीत असते.

आता तुझ्या कोळंब्या घेऊ. त्या तीन कारणांनी वाचलेल्या असू शकतात. एक, विषाणू त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही किंवा फार थोडा पोचला. दोन, पोचला, पण शरीराने त्याला वाढू दिलं नाही. तीन, विषाणू भरपूर वाढला, पण शरीराने ते नुकसान सोसलं. हातात घेतल्या तर तिन्ही कोळंब्या सारख्याच दिसतात. पण बाबांच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या कोळंबीपासून रोगाला तोंड देणारी पुढची पिढी मिळू शकेल. तिसऱ्या प्रकारची कोळंबी स्वतः ठणठणीत राहून पुढच्या तलावात रोग घेऊन जाते. "वाचलेली आहे म्हणजे दणकट आहे" असं म्हणून अशा कोळंबीचं बीज वापरणं किती महागात पडेल, हे तुला मी सांगायला नको.

नेमका हाच प्रश्न चिलटांमध्ये विचारला गेलाय. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सख्ख्या भावंडांसारख्या, एकाच वयाच्या, एकच खाद्य खाल्लेल्या माश्यांना (म्हणजे या चिलटांनाच) सारख्याच मात्रेत जिवाणू टोचले. काही मेल्या, काही जगल्या. निकाल पहिल्या काही तासांतच लागतो, असं त्यातून दिसलं. त्या वेळात शरीराने जिवाणूंची वाढ रोखली तर माशी जगते, नाही रोखली तर मरते. आणि जगलेल्या माशीच्या अंगात ते जिवाणू थोड्या संख्येने पुढेही राहतात. तुझ्या तलावातल्या कोळंबीत असंच होतं का, हे यावरून सांगता येणार नाही. पण प्रश्न कसा विचारायचा, ते त्यातून शिकता येतं.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते, कारण "मला आवडलं" म्हणताना तुला रोजचा दिवस कसा असेल ते माहीत हवं. कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या सच्छिद्र पाटीवर माश्या बेशुद्ध पडलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली डोकं घालून, जिवाणूंच्या द्रावात बुडवलेली केसाएवढी टंगस्टनची सुई एकेकीच्या छातीच्या कडेला टोचायची. जास्त खोल गेली तर माशी जखमेनेच मरते. म्हणून नुसती निर्जंतुक सुई टोचलेल्या माश्यांची नळी वेगळी ठेवावी लागते. तिच्यातही माश्या मरायला लागल्या की त्या दिवसाचा सगळा प्रयोग टाकून द्यायचा. मग दर काही तासांनी मोजणी, त्यात रात्रीचीही. माश्यांचं खाद्य शिजवायची पाळी येते. काही भारतीय प्रयोगशाळांत ते केळं, गूळ आणि यीस्टचं असतं आणि त्याचा आंबूस वास कपड्यांना धरून राहतो. पंचवीस अंश तापमानाच्या खोलीत अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवस पुरतात. त्यामुळे प्रयोग फसला तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उभा करता येतो. कोळंबीत ही सोय नाही. तिथे एक पिढी म्हणजे कित्येक महिने. कोळंबीच्या पेशी प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येतील अशा भरवशाच्या पेशीमालिका अजून हाताशी नाहीत, म्हणून विषाणूचा अभ्यास दर वेळी जिवंत प्राण्यावरच करावा लागतो. चिलटाचं हवं ते जनुक बंद करून बघता येतं, कोळंबीत ते आजही फार जिकिरीचं आहे.

चिलटांवरचं काम माणसाच्या कामी कसं येतं, याचं एक उदाहरण मामालाही ऐकव. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ज्यूल हॉफमन नावाच्या विद्यार्थ्याने १९६०च्या दशकात टोळांपासून सुरुवात केली. त्या प्रयोगशाळेत एका टोळाचा अवयव दुसऱ्यात बसवत, निर्जंतुकीकरणाची फारशी काळजी न घेता, तरी टोळांना संसर्ग व्हायचा नाही. का होत नाही, हा त्याचा पीएचडीचा प्रश्न झाला. पुढे बरीच वर्षं तो कीटकांच्या हार्मोन्सवर काम करत राहिला. स्टॉकहोममध्ये हान्स बोमान यांच्या गटाने १९८०च्या सुमारास एका मोठ्या पतंगाच्या कोशातून जिवाणू मारणारी सेक्रोपिन ही प्रथिनं वेगळी केली, तेव्हा हा सगळा विषयच जागा झाला. हॉफमन यांची प्रयोगशाळा आधी अशाच प्रथिनांच्या मागे लागली आणि मग ड्रॉसोफिलावर आली. १९९६ साली त्याच प्रयोगशाळेतल्या ब्रुनो लमेत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की 'टोल' हे जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने पटापट मरतात. मेलेल्या माशीच्या अंगावर बुरशीचे तंतू उगवलेलं ते छायाचित्र या विषयातल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. तोवर टोल माहीत होतं ते गर्भाची पोटाची आणि पाठीची बाजू ठरवणारं जनुक म्हणून. पुढच्याच वर्षी, १९९७ला, अमेरिकेत मेझितोव आणि जेनवे यांनी माणसातलं टोलसारखं जनुक दाखवलं. १९९८ला ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने सिद्ध केलं की उंदरात जिवाणूंचं विष ओळखण्याचं काम असंच एक टोल करतं. २०११चं नोबेल हॉफमन, बॉयटलर आणि, प्रतिकारशक्तीवरच्याच वेगळ्या शोधासाठी, स्टाइनमन यांना मिळालं. आज सेप्सिसपासून (संसर्गामुळे जिवावर बेतणारी अवस्था) लशींमध्ये घालायच्या घटकांपर्यंत कितीतरी संशोधन टोलच्या भोवती चालतं. टोळांच्या त्या पहिल्या निरीक्षणापासून इथवर यायला तीस-चाळीस वर्षं लागली, हेही मामाला सांग. लपवायचं कारण नाही.

आता बाबांबद्दल. हे जरा कठोर वाटेल. तू कोळंबीच्या प्रयोगशाळेत गेलीस तरी पीएचडीच्या पाच-सहा वर्षांत बाबांचा तलाव वाचवणारं काही हाती येईल, असं धरून चालू नकोस. पांढऱ्या ठिपक्याचा विषाणू भारतात १९९०च्या दशकाच्या मध्यात आला आणि टायगर कोळंबीचा धंदा त्याने बुडवला. तीस वर्षं जगभर त्यावर हुशार माणसं काम करतायत. तलावात टाकलं आणि रोग बरा झाला, असं औषध अजून नाही. जे उपयोगी ठरलं ते साधं आणि कष्टाचं आहे: पीसीआरने तपासलेलं बीज, रोगमुक्त प्रजनक कोळंबी, पाणी भरण्याआधी क्लोरीन, खेकडे आत येऊ नयेत म्हणून बांधाला जाळीचं कुंपण, पक्ष्यांसाठी वर ताणलेल्या दोऱ्या. २००९ नंतर आपल्याकडे व्हॅनामेई ही परदेशी जातीची कोळंबी आली ती याच शिस्तीसकट. विषाणूच्या जनुकाशी जुळणारा दुपेडी आरएनए टोचला तर कोळंबी वाचते, हे प्रयोगशाळेत दाखवलं गेलंय. पण लाखो कोळंब्यांना सुई टोचायची कुणी? पाणी बत्तीस-तेहतीस अंशांपर्यंत तापलं तर मृत्यू बरेच घटतात, असंही प्रयोगांत दिसलंय. उबेने विषाणूची वाढ मंदावते की कोळंबीचा प्रतिकार सुधारतो, हा पुन्हा तुझ्याच कोड्याचा एक तुकडा.

बाबांना आज मदत करायची असेल तर त्यासाठी पीएचडीची वाट बघू नकोस. एम.एस्सी. झालेल्या मुलीला जे येतं ते पुरे आहे. चेक ट्रेमध्ये (खाद्य किती खाल्लं ते बघायला तलावात सोडतात त्या ताटात) खाद्य उरायला लागलं की त्याच दिवशी नमुना तपासणीला जावा. बीज घेताना चाचणीचा कागद मागून घ्यावा. "इम्युनिटी वाढवतं" म्हणून विकायला येणाऱ्या प्रत्येक डब्यासाठी विक्रेत्याला एवढंच विचारावं: हे न टाकलेल्या शेजारच्या तलावात काय झालं? आणि बाबांची नोंदवही असेल, बीज कधी सोडलं, पाऊस कधी पडला, खाद्य किती गेलं, पहिली मेलेली कोळंबी कधी दिसली, तर तिच्या पानांचे फोटो काढून ठेव. तो माल फार मोलाचा आहे.

करिअर आहे का, या प्रश्नाचं उत्तर मी दोन भागांत देते. काम भरपूर आहे. तू फक्त दोन दारं पाहिलीस. रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी हे गाव तुझ्या अभ्यासक्रमात आलं होतं का? १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी तिथे माणसांमध्ये शिस्टोसोमियासिस नोंदवला. लघवीतून रक्त जाणारा हा आजार मूळचा आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडचा मानला जायचा, आणि तो आपल्या कोकणात निघाला. हा आजार करणाऱ्या परजीवीला वाढायला एक विशिष्ट छोटी गोगलगाय लागते. काही गोगलगायींच्या रक्तपेशी या परजीवीच्या अळीला वेढून मारतात, काहींच्या मारत नाहीत. रोग कुठे पसरेल आणि कुठे नाही, हे बऱ्याच अंशी गोगलगायीच्या प्रतिकारशक्तीवर ठरतं. डासांचंही तेच. मलेरियाचे बहुतेक परजीवी डासाच्या पोटातच मारले जातात, थोडे निसटतात आणि तेवढे आपल्याला पुरतात. वोल्बाकिया हा जिवाणू पेशींमध्ये बाळगणाऱ्या एडिस डासांमध्ये डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले, आणि पुद्दुचेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरनेही असे डास तयार केलेत. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यांवर काम झालंय. आधी मेलेल्या जिवाणूंची ओळख करून दिलेले भुंगेरे नंतरच्या खऱ्या संसर्गात जास्त तगतात. प्रतिपिंडं नसताना ही आठवण कुठे साठते, याचा शोध चालू आहे. पुणे आणि मोहालीच्या आयसर या विज्ञान संस्थांमध्ये माश्यांच्या प्रतिकारशक्तीवर काम होतं. म्हणजे काम कमी नाही.

कायमच्या नोकऱ्या मात्र कमी आहेत. जेआरएफचे पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर एसआरएफचे (म्हणजे त्याच शिष्यवृत्तीच्या पुढच्या टप्प्याचे) ४२,०००, वर घरभाडं. एकट्या माणसाचं भागतं, पण कधीकधी हे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, म्हणून थोडी शिल्लक हाताशी ठेव. पीएचडीनंतर दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेत तात्पुरतं संशोधन, बहुधा परदेशात. मग प्राध्यापकीसाठी अर्ज, जिथे एका जागेला शेकडो उमेदवार असतात. हे ठरवून करायचं असतं आणि मध्येच वेगळ्या वाटेला लागण्यात कमीपणा नाही. कोळंबीचं बीज तयार करणाऱ्या हॅचरीतल्या रोगनिदान प्रयोगशाळा, लस आणि जैवऔषध कंपन्या, कीटकनाशकांना पर्याय शोधणारे उद्योग, महाविद्यालयं या सगळ्यांना असा माणूस लागतो. त्यासाठी पहिल्या वर्षापासून संख्याशास्त्र आणि 'आर' या संगणकभाषेतलं प्रोग्रामिंग शिक. कोण कधी मेलं याच्या नोंदींवरूनच हे क्षेत्र उभं आहे, आणि त्या नोंदींचा अर्थ लावता येणारे कमी आहेत.

आता निवड. माझं मत चिलटांच्या बाजूने आहे. तुझा प्रश्न आजच्या घडीला जिथे नीट पकडता येतो ती जागा तीच आहे. तिथे कारण आणि परिणाम वेगळे करायला शिकशील, आणि ती विद्या घेऊन कोळंबीकडे वळणं सोपं आहे. उलट दिशेने येणं कठीण जातं. पण एका अटीवर. तू लिहिलं नाहीस की त्या प्रयोगशाळेतल्या मुलांशी बोललीस का. बोल, आणि गाइड खोलीत नसताना बोल. याआधीच्या मुलांना किती वर्षं लागली? ती आज कुठे आहेत? शोधनिबंधात पहिलं नाव कुणाचं लागलं? प्रयोग फसला की सर किंवा मॅडम काय म्हणतात? या शेवटच्या प्रश्नाला मुलं एकमेकांकडे बघायला लागली तर सावध हो. मघाशी सांगितलेल्या नोबेलनंतर लमेत्र यांनी जाहीरपणे मांडलं की आपल्या वाट्याचं श्रेय आपल्याला पुरेसं मिळालं नाही. कोण किती बरोबर ते मी ठरवणार नाही, पण जगातल्या उत्तम प्रयोगशाळेतही हा प्रश्न उभा राहतो. अशी बोलणी आधी झालेली बरी. तिथलं उत्तर समाधानकारक नसेल तर कोळंबीकडे जा, तिकडचे गाइड माणूस म्हणून चांगले असतील तर बिनधास्त जा. पाच वर्षं प्राण्याबरोबर काढायची असतात तशीच गाइडबरोबरही काढायची असतात.

आईशी लग्नाबद्दल भांडत बसू नकोस. पीएचडी कुठे, किती वर्षं, महिन्याला किती पैसे, राहण्याची सोय काय, हे सगळं एका कागदावर लिहून तिच्यासमोर ठेव. स्थळ बघायचंच असेल तर या गोष्टी मान्य असलेलं बघ, असं शांतपणे सांग. आयांना बहुधा मुलीच्या शिक्षणाची भीती नसते. पुढे काय होणार ते दिसत नाही, म्हणून त्या घाबरतात. मामाच्या बी.एड.चं म्हणशील तर ते पीएचडीनंतरही करता येतं. आणि बाबा गप्प आहेत याचा अर्थ तू परस्पर लावू नकोस. दोनदा पीक गेलेला माणूस आपल्या मुलीने त्याच खाजणात अडकावं असं इच्छितो की नाही, हे त्यांनाच विचार.

एक शेवटचं, अगदी व्यवहाराचं. पीएचडीच्या विद्यार्थ्यावर देखरेख करणाऱ्या समितीत बऱ्याच ठिकाणी बाहेरचा एक सदस्य असतो. रुजू झाल्यावर गाइडना विचार की त्या जागी कोळंबीच्या रोगांवर काम करणारं कुणी घेता येईल का. आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला नकार कळवशील तेव्हा दोन ओळींची ईमेल पाठवून मोकळी होऊ नकोस. का येत नाही ते नीट लिही, वाचलेल्या कोळंब्यांचा प्रश्न लिही, बाबांच्या नोंदवहीचा उल्लेख कर, पुढे संपर्कात राहायची परवानगी माग. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, माश्यांमध्ये काही सापडलं आणि ते कोळंबीत तपासून बघायची वेळ आली, की तुला त्यांच्याच दारात जायचं आहे.